ज्वारीवर ज्वारी

परवा लेकीनं फोनवर एक चित्र पाठवलं. तिनंच संगणकावर केलेलं. आमच्या जुन्या घराच्या फोटोचा तुकडा, एसटीचं एक तिकीट, तिच्या आजीच्या लुगड्याचा काठ, आणि या सगळ्यावरून आडवी गेलेली चार जाडजूड अक्षरं. मी ‘छान’ असं लिहून मोकळी होणार, तोवर खाली लांबलचक मजकूर येऊन पडला. डावीकडची जागा रिकामी का सोडली, अक्षरं जाड का घेतली, काठाचा जांभळा रंग जरा फिका का केला. मी फोन लावून म्हटलं, अगं, मी विचारलंय का तुला? तर म्हणाली, "आई, कुणी विचारायची वाट बघायची नसते. आपण सांगायचं असतं."

मी फोन खाली ठेवला. हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. पाथरीला, पत्र्याच्या एका खोलीत, डिंकाच्या वासात.

सुमित्राबाई साळवे आमच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि मी मराठी. स्टँडमागच्या गल्लीत त्यांची खोली नि आमची खोली भिंतीला भिंत लागून होती. बाई उंच, हाडकुळ्या, पदर कमरेला खोचलेला, चष्मा जाड. उजव्या हाताच्या बोटांवर वाळलेल्या डिंकाचं पातळ कातडं कायम असायचं आणि बोलता बोलता त्या ते सोलत राहायच्या. वर्गात टाके शिकवायच्या ते पोटासाठी. जीव सगळा रुखवतात होता. गावात कुणाचंही लग्न ठरलं की वधूकडची बायकामंडळी आधी आचाऱ्याला सांगायची आणि मग सुमित्राबाईंना.

त्यांचं रुखवत म्हणजे एक मोठी चौकट. मागं जाड पुठ्ठा, त्यावर चित्र, मधोमध नवरा-नवरीची नावं. रंगाचा ब्रश त्यांनी कधी हातात धरला नाही. कापडाच्या ताग्यांवरची चकचकीत लेबलं, आगपेटीचे छाप, फुटक्या बांगड्या, करडईच्या वाळलेल्या पाकळ्या, सरकी, तुरीची डाळ, ज्वारी, असलं काहीबाही जमवून त्या चिकटवायच्या. त्यांचे यजमान एसटीत कंडक्टर. गाडी डेपोत लागली की उतारूंनी टाकलेली तिकिटं गोळा करून ते खिशात घालून आणायचे. कुठल्या रंगाचं हवंय ते सकाळीच सांगितलेलं असायचं.

चौकट करून बाई गप्प बसल्या असत्या तर गावानं त्यांना नुसती कलाकार म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या समजावून सांगायच्या. लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलाशेजारी उभ्या राहून, आलेल्या प्रत्येकाला. "आता तुमी म्हणाल, इथं पिवळं कामून?" असं म्हणून सुरुवात. समोरचा बिचारा काहीच म्हणालेला नसायचा, जेवणाच्या पंगतीकडं त्याचा डोळा असायचा. पण बाई सोडत नसत. कुणी विचारायची वाट बघायची नसते, आपण सांगायचं असतं, हे त्यांचं ठरलेलं. शाळेतल्या मुली मागून त्यांना कामूनबाई म्हणायच्या, आणि ते त्यांना ठाऊक होतं. साळवे मात्र धोरणी. बायकोचं बोलणं फारच लांबलं की कोपऱ्यात बसल्या बसल्या तिकिटाचा चिमटा टकटक वाजवायचे. मग बाई एकदम थांबायच्या आणि म्हणायच्या, "बरं, बाकीचं उद्या."

अक्षरांबद्दल तर त्यांचा स्वतःचा असा कायदाच होता. शिरोरेघ सगळ्यात शेवटी. "आदी अक्षरं आपल्या पायावर उभी ऱ्हाऊ द्या, मग वरून दोरी बांधा. आदीच दोरी बांधली की ती लोंबकळत्यात." नवऱ्याचं नाव मोठं काढा असं वरपक्षाकडून कुणी सुचवलं तर म्हणायच्या, "मोठं अक्षर म्हंजे मोठा आवाज. एकाच घरात ऱ्हायचंय दोघांला, आवाज सारखाच पायजे." मी आयुष्यभर मुलींना शुद्धलेखन शिकवलं, पण अक्षराला आवाज असतो हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

मात्र एक होतं. आपलं चुकलं असं बाई मरेतो म्हणायच्या नाहीत. एकदा एका चौकटीत त्यांनी पोपट निळा केला. हिरव्या बांगड्या संपल्या होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मुद्दाम छेडलं, "बाई, पोपट निळा कामून?"

"पहाटं धुक्यात लांबून पोपट बघितलाव का कधी?"

"नाही."

"मग बघा आदी. हिरवा नसतोय तो तवा."

मला हसू आलं, रागही आला. पुढं थंडीत एकदा कालव्याच्या अंगानं फिरायला गेले होते. धुकं पाण्यावर टेकलं होतं, पलीकडचं करडईचं रान आहे-नाहीसं वाटत होतं. त्यातून एक थवा ओरडत गेला. आणि खरं सांगते, तो हिरवा नव्हता. निळाही म्हणवत नव्हता, पण हिरवा नक्की नव्हता. मी घरी येऊन बाईंना काही सांगितलं नाही. त्यांना आणखी चढून बसू द्यायचं नव्हतं मला.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ सुरू झाली. गाड्या बंद, शाळा बंद. खेडोपाडी बौद्ध वस्त्यांवर काय काय झालं ते रोज कानावर यायचं. साळवे दाराला आतून कडी लावून बसलेले असायचे आणि बाई एकही शब्द बोलत नव्हत्या, हेच मला जास्त भिववायचं. पुढं सगळं शांत झालं, असं लोक म्हणू लागले. लग्नसराई आली. पण त्या वर्षी रुखवत सांगायला त्यांच्याकडं कुणी फिरकलं नाही. शाळेत रोज भेटणाऱ्या बायका गल्लीत समोरून आल्या तर पदर सारखा करत पुढं जायच्या. बाई संध्याकाळी रिकामा पुठ्ठा मांडीवर घेऊन बसायच्या. मी विचारलं, हे कुणासाठी? म्हणाल्या, "कुनासाठी न्हाई. हाताला सवय ऱ्हावी म्हनून."

त्यानंतरच्या सराईला पहिली आली ती आमच्या शाळेतल्या कावेरीची आई. विधवा बाई, थोडी शेती, पदरात दोन लेकी, त्यातल्या थोरलीचं लग्न काढलेलं. ती येऊन दाराबाहेरच उभी राहिली आणि तिथूनच रंग, नावं, तारीख सांगू लागली. आत पाऊल टाकायचं का नाही, याचा तिच्या तोंडावर चाललेला गोंधळ मला आमच्या ओट्यावरून दिसत होता. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आत या, माय. उंबऱ्यावरून रंग दिसत न्हाईत."

ती आत गेली. बाईंनी चहा केला. ती तो प्यायली. एवढंच झालं, पण त्या सराईला बाईंच्या खोलीत पुन्हा बायकांची रीघ लागली. मला वाटतं, त्या चहाची बातमी लेबलांपेक्षा जास्त चकाकली असावी.

धाकटी कावेरी आमच्या दोघींची विद्यार्थिनी. मितभाषी, डोळे मोठे, शिवणात कच्ची, मराठीत बरी. काही वर्षांनी तिचंही लग्न ठरलं, गंगाखेडकडं राणीसावरगावला. मोठं घर, मोठी शेती. एका दुपारी मी बाईंकडं ज्वारी निवडत बसले होते, तर कावेरी एकटीच आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय गं? आईनं पाठवलं का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई बाई. चौकटीवर नाव कोंचं टाकनार हाव?"

"सुवर्णा. तुझी आई सांगून गेली. सासरच्यांनी ठरवलंय म्हनं."

कावेरी भिंतीशी खाली बसली. मग म्हणाली, "माझं नाव माझ्या बापानं ठिवलं होतं. मला त्यांचा चेहरा बी याद न्हाई. फोटू न्हाई. त्यांचं म्हनून तेवढंच हाय माझ्याकडं." आणि रडली. आईला सांगून पाहिलंस का, असं मी विचारलं. आई म्हणाली होती, एवढं मोठं घर मिळालंय, नावापायी मोडायचं का?

आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. बायका हसतात, कुणी उखाणा घ्यायला लावतं, आणि मुलगी बदलून जाते. मीही अशीच बदलले होते. त्यात कुणाला काही वाटावं असं मला तोवर वाटलं नव्हतं.

बाई बोटावरचा डिंक सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "तांदळातलं नाव ताट हलवलं की गेलं. चिटकवलेलं जात न्हाई. तू जा घरी. रडू नको, आनि कुनाला बोलू बी नको."

ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमचं माहेरचं काय हो, बाई?"

"गिरिजा."

"आता कोन म्हनतंय?"

"कुणीच नाही. आई म्हणायची. ती गेली."

"माझं हौसा," त्या म्हणाल्या. "वालूरला सगळं गाव हौसी म्हनायचं. आमचे हे म्हनतात अजून, कुनी नसलं म्हंजे." आणि इतक्या लाजल्या की मीच दुसरीकडं पाहिलं.

ती चौकट त्यांनी कशी केली ते मी बघत होते. खाली सगळी पांढरी टपोरी ज्वारी, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवून कीड मारलेली, एकेक दाणा त्याचं तोंड एकाच बाजूला करून लावलेला. मधे तुरीच्या डाळीत ‘सुवर्णा’ आणि नवऱ्याचं नाव, झळझळीत पिवळं. कडेनं बांगड्यांची वेल. आणि खालच्या मोकळ्या पांढऱ्या जागेत त्यांनी ज्वारीवर ज्वारीचाच दुसरा थर दिला, अक्षरांच्या आकारात. कावेरी. पांढऱ्यावर पांढरं. समोरून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"मांडवात उजेड वरून गाळून येतोय," त्या म्हणाल्या. "तिथं कुनाला दिसायचं न्हाई. पन घरात भिंतीला लावली आनि सांजच्याला खिडकीतून आडवा उजेड आला, की दान्याची सावली पडंल. मग दिसंल. तिला म्या सांगितलंय, मावळतीच्या खिडकीजवळ लाव म्हनून."

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कल्पना त्यांना सुचली होती, आणि ती कुणालाही समजावून सांगता येणार नव्हती.

लग्नाच्या दिवशी त्या टेबलाजवळ उभ्या होत्या. वेल अशी कामून, पिवळं असं कामून, सगळं रीतसर चाललं होतं. वरपक्षाच्या बायका आल्या. कावेरीची सासू पुढं. तिनं चौकट पाहिली नाही, चाचपली. हातावर विश्वास ठेवणारी बाई. तिची बोटं वेलीवरून, नावावरून फिरत खाली आली आणि थांबली. मागं गेली, परत आली.

"हे इथं फुगलंय कामून?"

बाईंचाच शब्द बाईंवर आला. मांडवातल्या बायका गोळा झाल्या. कावेरीची आई तोंडाला पदर लावून बघत होती, तिला काहीच माहीत नव्हतं. कावेरी मुंडावळ्या बांधून बोहल्याजवळ बसली होती. तिची मान वर झालेली मी पाहिली. सासूचं बोट अक्षराच्या एका उभ्या दांडीवर होतं. आणखी जरा खाली उतरलं असतं तर तिला वळण लागलं असतं, आणि मग सगळंच उलगडलं असतं. मला वाटलं, आता बाई काहीतरी भन्नाट कारण सांगणार. निळ्या पोपटाला कारण सांगणारी बाई ती. पण कारण सांगितलं असतं तर बायकांनी वाकून वाकून तीच जागा बघितली असती.

सुमित्राबाई म्हणाल्या, "हात चुकला, आक्का. वय झालं आता. दिसत न्हाई नीट."

सासूनं बोट काढलं. बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, कामूनबाई पण चुकतात म्हणायच्या! पुन्हा हशा झाला. साळवे कोपऱ्यात चिमटा हातात धरून बसले होते. त्यांनी तो वाजवला नाही. मला बाईंचा इतका अभिमान वाटला, आणि इतकं वाईटही, की मी जेवायला न थांबता घरी आले.

ती गोष्ट गावभर झाली. बाईंचा हात गेला म्हणे. पुढच्या सराईपासून लोक परभणीहून थर्माकोलचे राजहंस आणू लागले. बाईंच्या खोलीत येणं-जाणं कमी झालं. त्यांनी कुणाला खरं सांगितलं नाही, मी सांगू लागले तर मलाही दटावलं. कावेरी माहेरपणाला आली की मात्र आधी त्यांच्याकडं यायची. "सांजच्याला दिसतंय, बाई," ती सांगायची. "चूल पेटवायच्या आदी थोडा वेळ. मी तवर काहीच करत न्हाई. सासूबाई म्हनतात, बाईचा हात चुकला खरा, पन चित्र गुनाचं हाय." हे ऐकून बाई खुदखुदून हसायच्या.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नाव झालं. विद्यापीठाच्या नामांतराला आमच्या भागात तेवढंच म्हणतात, नाव झालं. गल्लीतून निळे झेंडे गेले, हलगी वाजली, साळव्यांनी म्हातारपणी गुलाल उधळला. काही दिवसांनी गावातल्या कॉलेजच्या पाटीवर विद्यापीठाचं नवं लांब नाव रंगवून झालं, तर बाई मला म्हणाल्या, चला बघायला. थंडीची सकाळ होती. त्यांनी चष्मा वर-खाली करून पाटी वाचली. मी वाट बघत होते. रंगाऱ्याची आता धडगत नाही, असं मला वाटलं.

"लय दाटीत बसवलंय," त्या म्हणाल्या. पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचली. "पन बसलं."

चष्म्याखालून पाणी ओघळलं. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "आता कामून म्हनून इचारू नका."

त्याच महिन्यात आमच्या ह्यांची परभणीला बदली झाली. सामान ट्रकनं पुढं गेलं, मी दुपार कलल्यावर एसटीनं निघाले. साळवे नवरा-बायको स्टँडवर पोचवायला आले. बाईंनी जुन्या साडीत गुंडाळलेली एक लहान चौकट माझ्या हातात दिली. मी सोडून पाहिली. नुसती पांढरी ज्वारी, काठापासून काठापर्यंत. ना वेल, ना रंग.

"बाई, हे अर्धवट राहिलं वाटतं," मी चेष्टेनं म्हटलं. पण मला समजलं होतं.

"ह्याचं मी काय सांगनार न्हाई," त्या म्हणाल्या. "उजव्या खिडकीला बसा. मानवतच्या पुढं गाडी गेल्यावर बघा."

मी उजव्या खिडकीला बसले. बाई खिडकीला चिकटून उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, तरी त्या हलेनात. तेव्हा मागून साळव्यांनी सगळ्या स्टँडसमोर, भरल्या गर्दीत हाक मारली, "हौसा, सर मागं. गाडी सुटायली."

बाई मागं सरल्या. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत मी बघत होते. धुळीत त्या कपाळावर आडवा हात धरून, मान वर करून उभ्या होत्या. मला वाटलं, म्हातारपणी नजर कमी झाली, मला शोधायल्यात. मी खिडकीतून हात हलवत राहिले. त्यांनी हात हलवला नाही, याचं जरा वाईटच वाटलं.

मानवत मागं पडलं. रस्त्याकडेची रानं सोनेरी झाली, गाडीत बहुतेकजण पेंगत होते. मी मांडीवरची चौकट खिडकीकडं कलती केली. आडवा उजेड दाण्यांवरून घसरत आला, आणि पांढऱ्यातून हळूहळू, आधी वेलांटी, मग दांडी, मग सगळंच नाव उभं राहिलं. गिरिजा. आई गेल्यापासून मला त्या नावानं कुणी बोलावलं नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं. स्टँडवर बाई माझ्याकडं बघत नव्हत्याच. त्या सूर्याकडं बघत होत्या, तो वेळेवर खाली येतोय की नाही ते.